डिफेन्स कंपन्यांचं गिऱ्हाईक सरकारच, मग देशादेशांच्या टॅरिफच्या भांडणात त्यांचं काय बिघडतं?

शंकेखोर

मंडळी, घरातला एक वाद अर्धवट राहिलाय म्हणून धागा काढतोय. माझा मेव्हणा शेअर बाजारातला, आणि त्याचं म्हणणं असं की व्यापारयुद्धाचा फटका गाड्या, मोबाईल, कपडे बनवणाऱ्यांना बसतो, विमानं आणि डिफेन्सवाल्यांना नाही. का, तर लढाऊ विमान काय कोणी दुकानात जाऊन घेत नाही, ते सरकार घेतं, आणि सरकार स्वतःच स्वतःला कर लावून घेईल का, वर यांच्या ऑर्डरी आठ-दहा वर्षांच्या भरलेल्या, त्यामुळे आज टॅरिफ लागला काय नि उद्या उठला काय, यांना घेणंदेणं नाही. मला हे पटत नाहीये, पण का पटत नाहीये ते सांगता येईना, आणि मेव्हण्यासमोर सांगता आलं नाही म्हणजे हरल्यातच जमा.

दुसरं म्हणजे बातम्यांमधे एकदा वाचतो की अमुक कंपनीला एवढ्या कोटी डॉलरचा फटका, आणि पुढच्याच आठवड्यात वाचतो की विमानांना टॅरिफमधून सूट. मग खरं काय धरायचं? या लाईनमधलं कोणी असेल तर सोप्या भाषेत सांगा. मी अकाउंट्सवाला आहे, विमानातलं मला खिडकीची सीट एवढंच कळतं.

टूलरूमवाला

अकाउंट्सवाले आहात हे बरंच झालं, कारण हा विषय विमानाचा कमी आणि हिशोबाचा जास्त आहे.

मी खरेदी विभागात आहे, चौदा वर्षं झाली, त्याआधी टूलरूमला होतो म्हणून आयडी तसा. कंपनीचं नाव विचारू नका. आम्ही विमानाच्या इंजिनाला लागणारे काही भाग मशिनिंग करून देतो, तेही थेट इंजिन कंपनीला नाही, तिच्या सप्लायरच्या सप्लायरला. तर तुमचा मेव्हणा जे म्हणतोय ना की गिऱ्हाईक सरकार आहे, ते फक्त शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर खरं आहे. सरकार विमान घेतं मोठ्या कंपनीकडून. मोठी कंपनी इंजिन, लँडिंग गिअर, रडार घेते दुसऱ्या मोठ्या कंपन्यांकडून. त्या घेतात आमच्यासारख्यांकडून, आणि आम्ही बार (धातूची सळई), फोर्जिंग (ठोकून घडवलेला तुकडा), कास्टिंग (साच्यात ओतलेला तुकडा) घेतो अजून कोणाकडून तरी. त्या खालच्या पायऱ्यांवर कुठेही सरकार नाही, तिथे साधी परचेस ऑर्डर असते आणि तिच्यावर किंमत छापलेली असते, तीन वर्षांची, कधी पाच वर्षांची, फिक्स.

आता यात टॅरिफ घुसला की काय होतं बघा. टायटॅनियमचा एखादा भाग घ्या. धातू एका देशात वितळवला, फोर्जिंग दुसऱ्या देशात, मशिनिंग तिसऱ्या देशात, मग कोटिंगसाठी परत दुसऱ्या देशात, आणि असेंब्ली चौथ्या. तोच एक तुकडा तीन-चार वेळा सीमा ओलांडतो, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत वाढलेली असते, म्हणजे कर बसला तर वाढलेल्या किमतीवर बसतो. लोकांना वाटतं २५ टक्के कर म्हणजे माल २५ टक्क्यांनी महाग, पण कुठल्या टप्प्यावर किती वेळा लागतो त्यावर सगळं अवलंबून आहे.

बरं, मग दुसरीकडून घ्या की माल! हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय, बहुतेक वेळा आमच्याच फायनान्सच्या लोकांकडून. कपड्यांच्या धंद्यात चालतं ते. आमच्याकडे ड्रॉइंगवर नुसता धातूचा ग्रेड लिहिलेला नसतो, मंजूर मिलची यादी असते, हीट ट्रीटमेंट कोण करणार, तपासणी कोण करणार हेसुद्धा मंजूर करून घ्यावं लागतं. सोर्स बदलायचा म्हणजे नवीन नमुने, पहिल्या तुकड्याची मापं न मापं तपासून रिपोर्ट, टेस्ट पीस तोडून बघणं, मग वरच्या गिऱ्हाईकाची मंजुरी, मग त्याच्या वरच्याची. सगळं सुरळीत झालं तरी वर्ष जातं, फिरणाऱ्या किंवा जीव ज्याच्यावर अवलंबून आहे अशा भागाला त्याहून जास्त. आणि टॅरिफ लागतो एका रात्रीत, कधीकधी एका ट्विटने.

स्वतःचा किस्सा सांगतो. आमचा एक कन्साइनमेंट समुद्रात होता, म्हणजे अक्षरशः जहाजावर. निघाला तेव्हा एक दर, पोचला तेव्हा दुसरा दर. गिऱ्हाईकाचं पत्र आलं, अतिशय सभ्य भाषेत, की सध्याच्या अनिश्चित परिस्थितीत आपण भागीदार म्हणून एकत्र उभे राहू या आणि ठरलेल्या दरात बदल होणार नाही. भागीदार म्हणे! तो फरक आम्ही भरला. त्या तिमाहीत आम्ही त्या पार्टवर दमडी कमावली नाही, उलट घातले.

ड्यूटी ड्रॉबॅक नावाचा प्रकार असतो, म्हणजे माल आयात करून त्याचं काही बनवून परत निर्यात केलं तर भरलेला कर परत मिळतो. कागदावर छान आहे. पण आधी पैसे भरायचे, मग कुठला बार कुठल्या पार्टात गेला याचा माग दाखवायचा, मग महिनोन्महिने वाट बघायची. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी अख्खी टीम असते, आमच्याकडे एक मुलगी आहे जी पगारपत्रकंही बघते.

म्हणून बातम्यांमधला मोठा आकडा वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा. २०२५ च्या एप्रिलमधे आरटीएक्सने, म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी आणि रेथिऑनची आई कंपनी, सांगितलं की वर्षभरात टॅरिफचा भार साधारण ८५ कोटी डॉलरचा पडू शकतो. जीई एरोस्पेसने साधारण ५० कोटी सांगितला. मग जुलैमधे आरटीएक्सने आपला आकडा ५० कोटींच्या आसपास आणला. दर खाली आले, तह झाले, यांनी ड्रॉबॅक वापरला, बॉण्डेड झोन (जिथे कर न भरता आयात माल ठेवता येतो) वापरले, थोडं किमतीत टाकलं, सगळं खरं. पण त्यातला काही भाग खालच्या पायऱ्यांवर सरकला असणार, आणि तो कुठल्याच कॉन्फरन्स कॉलमधे येत नाही.

अवकाशवेडा

टूलरूमवाला +१, एक नंबर प्रतिसाद. जहाजावरचा किस्सा वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं.

मी यात थोडा इतिहास ओततो, कारण त्याशिवाय सूट का मिळते ते कळणार नाही. १९७९ साली नागरी विमानांच्या व्यापाराचा एक करार झाला, १९८० पासून लागू, की सह्या करणारे देश एकमेकांची प्रवासी विमानं, इंजिनं, सुटे भाग यांच्यावर आयात कर लावणार नाहीत. त्यामुळे ही इंडस्ट्री चाळीसेक वर्षं जवळजवळ करमुक्त वाढली, आणि म्हणूनच तो तुकडा चार देश फिरतो, फुकट फिरता येत होता म्हणून! आता कर लावायला घेतले की चाळीस वर्षांत विणलेली जाळी एकदम उसवायला लागते. आणि हो, शंकेखोर, हा करार फक्त नागरी विमानांपुरता. लष्करी विमानं त्यात नाहीतच.

भांडणाचं म्हणाल तर या क्षेत्रातलं सगळ्यात लांबलेलं भांडण एअरबस विरुद्ध बोईंग. २००४ साली अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली की युरोप एअरबसला स्वस्त कर्जं देतो, युरोपने उलट केस टाकली की तुम्ही बोईंगला करसवलती आणि संशोधनाचे पैसे देता. दोघंही बऱ्याच अंशी बरोबर निघाले, हा त्यातला विनोद. २०१९ मधे अमेरिकेला वर्षाला साधारण ७५० कोटी डॉलरच्या मालावर कर लावायची परवानगी मिळाली, त्यांनी एअरबसच्या विमानांवर आधी १० टक्के लावला, २०२० मधे १५ केला. मग युरोपला साधारण ४०० कोटींची परवानगी मिळाली, त्यांनी बोईंगवर १५ टक्के. पण यात खरा मार कोणाला बसला माहितीये? स्कॉच व्हिस्कीवाल्यांना, चीजवाल्यांना, ऑलिव्हवाल्यांना, त्यांच्यावर २५ टक्के. ज्यांनी आयुष्यात रिव्हेट ठोकला नाही त्यांनी विमानांच्या भांडणाचे पैसे भरले. शेवटी २०२१ च्या जूनमधे पाच वर्षांचा तह झाला. सतरा वर्षं!

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट बॉम्बार्डिएची आहे, ती सांगितल्याशिवाय मी जाणार नाही.

कॅनडाची बॉम्बार्डिए कंपनी, तिने सी सीरिज नावाचं शंभर-सव्वाशे सीटचं अप्रतिम विमान बनवलं, त्यात कर्जबाजारी झाली, क्यूबेक सरकारने पैसे ओतून वाचवली. २०१६ मधे अमेरिकेच्या डेल्टा एअरलाईनने ७५ विमानांची ऑर्डर दिली. २०१७ मधे बोईंगने तक्रार केली की हे सरकारी पैशाच्या जोरावर खर्चापेक्षा कमी भावात विकतायत. गंमत म्हणजे त्या ऑर्डरसाठी बोईंगकडे द्यायला त्या आकाराचं नवीन विमानच नव्हतं. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने आधी जवळपास २२० टक्के कर सुचवला, त्यावर अजून ८०, आणि डिसेंबरला अंतिम आकडा झाला साधारण २९२ टक्के. म्हणजे एका विमानाला जवळपास चार विमानांची किंमत.

आता बघा काय झालं. त्या विमानाचं इंजिन अमेरिकन प्रॅट अँड व्हिटनीचं, पंख बेलफास्टमधे बनणारे, त्यामुळे कॅनडा तर चिडलाच, ब्रिटनही चिडलं. ऑक्टोबर २०१७ मधे एअरबसने रोख पैसे न मोजता सी सीरिजमधला ५०.०१ टक्के हिस्सा घेतला, आणि जाहीर केलं की अमेरिकेतल्या विमानांची असेंब्ली आम्ही आमच्या अलाबामातल्या कारखान्यात करू. कॅनडाने बोईंगची १८ सुपर हॉर्नेट लढाऊ विमानं घ्यायचा बेत होता तो सोडून दिला आणि ऑस्ट्रेलियाकडून जुनी एफ-१८ घेतली. आणि जानेवारी २०१८ मधे अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने ४ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की बोईंगचं काही नुकसान झालेलं नाही, कर रद्द!

म्हणजे कर एक दिवसही नीट लागला नाही. तरी बॉम्बार्डिएच्या हातून विमान गेलं, २०२० मधे ते त्यातून पूर्ण बाहेर पडले. बोईंगच्या हातून फायटरची ऑर्डर गेली. आणि एअरबसला तयार विमान मिळालं, आज ते ए२२० म्हणून उडतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

(अवांतर: घाबरलेल्या बोईंगने मग ब्राझीलच्या एम्ब्राएरचा प्रवासी विमानांचा धंदा घ्यायचं ठरवलं, २०२० मधे ते लग्नही मोडलं. असो, तो वेगळा धागा.)

शंकेखोर

बापरे, ही बॉम्बार्डिएची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. दोघांचे आभार.

पण मेव्हणा लगेच म्हणेल की ही सगळी प्रवासी विमानं झाली. सुपर हॉर्नेटचं सोडलं तर डिफेन्स कुठे आलं? त्याचा मुद्दा डिफेन्सचा आहे. आणि टूलरूमवाला, एक शंका, मोठी कंपनी सरकारला वाढीव बिल लावू शकत नाही का?

जुनी_फाईल

डिफेन्सचं मी सांगतो, थोडक्यात.

कराराचे दोन मुख्य प्रकार असतात. खर्च अधिक नफा, यात वाढीव खर्च सरकार भरतं. आणि ठरीव किंमत, यात कंपनी भरते. नवीन डिझाईनची कामं पूर्वी बरीचशी पहिल्या प्रकारात असायची, उत्पादन दुसऱ्यात. काही ठरीव करारांत भाववाढीचं कलम असतं, पण सगळ्यांत नसतं. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कामासाठी काही मित्रदेशांतून आलेल्या भागांना करमाफीचा दाखला मिळतो, म्हणजे मेव्हण्याचं म्हणणं अगदीच हवेत नाही. पण तो दाखला मागावा लागतो, कुठला नट डिफेन्सच्या विमानात जाणार आणि कुठला प्रवासी विमानात हे आयात करताना माहीत असावं लागतं. खालच्या फळीतल्या माणसाकडे दोन्ही नट एकाच डब्यात असतात.

आता महत्त्वाचं. डिफेन्सला टॅरिफ हा छोटा त्रास आहे. मोठा त्रास उलट्या दिशेने येतो, समोरचा देश तुमच्या मालावर कर लावत नाही, त्याचा माल तुम्हाला द्यायचाच बंद करतो.

४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातूंच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, अमेरिकेच्या टॅरिफनंतर दोन दिवसांत. त्यात सॅमेरियम, डिस्प्रोशियम, टर्बियम, इट्रियम आहेत. सॅमेरियम-कोबाल्टचं चुंबक खूप तापलं तरी चुंबकपणा सोडत नाही, म्हणून ते क्षेपणास्त्रांच्या फिन हलवणाऱ्या मोटरमधे आणि लढाऊ विमानांत लागतं. एका एफ-३५ मधे, म्हणजे अमेरिकेच्या लढाऊ विमानात, ४०० किलोहून जास्त रेअर अर्थ असतात असं अमेरिकी सरकारी कागदपत्रांत आहे. चुंबकाची किंमत विमानाच्या किमतीपुढे काहीच नाही. पण नसेल तर विमान नाही.

२०२२ चं उदाहरण बोलकं आहे. एफ-३५ च्या एका पंपातल्या चुंबकात चिनी मिश्रधातू असल्याचं कळलं आणि सप्टेंबरमधे नवीन विमानांची डिलिव्हरी थांबवली. विमानाला धोका नव्हता, फक्त चिनी धातू वापरायला कायद्याने मनाई होती. ऑक्टोबरमधे खास सूट देऊन पुन्हा सुरू केली. बनवणाऱ्या मुख्य कंपनीलाही आधी पत्ता नव्हता, चार-पाच पायऱ्या खाली कोणीतरी घेतलं होतं.

तसंच गॅलियम आणि जर्मेनियम. ऑगस्ट २०२३ पासून चीनने परवाना लावला, डिसेंबर २०२४ मधे अमेरिकेला थेट बंदी, सोबत अँटिमनी. जर्मेनियमची भिंग रात्री बघायच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात, गॅलियम रडारच्या चिपमधे, अँटिमनी काडतुसांत. २०२५ च्या नोव्हेंबरात ती बंदी एका वर्षासाठी स्थगित झाली. स्थगित, रद्द नाही.

ड्रोनचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मधे स्कायडिओ या अमेरिकी ड्रोन कंपनीवर चीनने निर्बंध टाकले, बॅटऱ्या चीनमधून यायच्या. कंपनीला गिऱ्हाईकांना सांगावं लागलं की आता एका ड्रोनमागे एकच बॅटरी मिळेल.

टूलरूमवाला

जुनी_फाईल, "दोन्ही नट एकाच डब्यात" हे वाक्य मी आमच्या मीटिंगमधे ढापणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

उलटतपासणी

सगळे एकाच सुरात गाताय म्हणून मी जरा बेसूर लावतो.

मेव्हणा इतकाही चूक नाही हो. २०२५ चे सगळे तह काढून बघा. ब्रिटनशी झालं, विमानं आणि भाग बाहेर. जपानशी झालं, तेच. युरोपशी १५ टक्क्यांवर मिटलं, विमानं बाहेर. ब्राझीलवर तर ५० टक्के लावला राजकीय रागातून, आणि त्यातूनही विमानं वगळली, एम्ब्राएरला १० टक्क्यांवर सोडलं. एवढी सूट दुसऱ्या कुठल्या इंडस्ट्रीला मिळाली सांगा. शेतकरी रडला, वाहनवाले रडले, यांना मात्र दरवेळी मागच्या दाराने बाहेर काढलं. २०२२ मधे रशियन टायटॅनियमचं काय झालं? बोईंगने स्वतःहून घेणं थांबवलं, एअरबस घेत राहिली. कॅनडाने फेब्रुवारी २०२४ मधे ते टायटॅनियम बनवणाऱ्या रशियन कंपनीवर निर्बंध घातले आणि मग एअरबसला वापरायची मुभा दिली. हा व्यापाराचा वाद नाही, निर्बंध आहेत, मान्य, पण स्वभाव दिसतो ना? सरकार दरवाजा लावतं आणि यांच्यासाठी खिडकी उघडी ठेवतं.

आणि दुसरं, भांडणामुळे काही कंपन्यांचं भलंच होतं. २०२५ मधे कॅनडाने एफ-३५ च्या ८८ विमानांच्या खरेदीचा फेरविचार काढला, स्पेनने एफ-३५ नको म्हणून सांगितलं, मग स्वीडनच्या ग्रिपेनवाल्यांच्या आणि युरोफायटरवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलंच असेल. एकाचं नुकसान ते दुसऱ्याची ऑर्डर. मग "डिफेन्स कंपन्यांना फटका बसतो" असं सरसकट कसं म्हणता?

अवकाशवेडा

मुद्दा चांगलाय, पण सूट सगळ्यांना नाही मिळाली. स्वित्झर्लंड विसरलात. ऑगस्ट २०२५ मधे त्यांच्यावर ३९ टक्के बसला, विमानांसकट, आणि पिलाटस या छोट्या पण फार सुंदर विमानं बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकेतल्या डिलिव्हऱ्या काही काळ थांबवाव्या लागल्या. नोव्हेंबरात तो १५ वर आणायचं ठरलं. आता एम्ब्राएर का सुटली आणि पिलाटस का नाही? माझा अंदाज सांगतो. एम्ब्राएरचं ई१७५ नसेल तर अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या विमानसेवा बसतील, म्हणून अमेरिकेतल्याच एअरलाईन्सना घोर, वर त्या विमानाचं इंजिन जीईचं. पिलाटसची विमानं घेणारे बरेचसे हौशी मालक नि खाजगी कंपन्या, त्यांच्यासाठी कोण रडणार. म्हणजे सूट विमान म्हणून मिळत नाही, समोरच्या देशात तुमच्यासाठी ओरडणारं कोणी आहे का त्यावर मिळते.

आणि खिडकीचं म्हणाल तर ती खिडकी कधीही बंद होते. २०२५ च्या मे अखेरीला अमेरिकेने चीनच्या सी९१९ विमानाला लागणाऱ्या लीप इंजिनांचे निर्यात परवाने रोखले. जुलैच्या सुरुवातीला परत दिले. महिनाभराचा खेळ, पण त्या महिन्यात कारखान्यात उभ्या असलेल्या इंजिनाविना सांगाड्याकडे बघून त्या मॅनेजरला काय वाटलं असेल. त्याच्या आधी एप्रिलमधे उलटं झालं होतं, चिनी एअरलाईनच्या रंगात रंगवलेली बोईंग ७३७ मॅक्स विमानं चीनला पोचून परत सिअॅटलला उडत आली, कारण चीनने १२५ टक्के कर लावला होता. अख्खं विमान रिटर्न! ऑनलाईन शॉपिंगसारखं.

शंकेखोर

अख्खं विमान रिटर्न वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसलो.

पण एक अकाउंट्सचा प्रश्न पडला. ते विमान परत आलं तर कंपनीचा तोटा किती? कारण विमान तर आहेच ना, दुसऱ्याला विकतील.

जुनी_फाईल

विकतात. पण विमानाच्या किमतीचा मोठा हिस्सा डिलिव्हरीच्या दिवशी मिळतो. तोवर ते इन्व्हेंटरी, आणि त्यात अडकलेलं भांडवल तुमचं. शिवाय सीट, आतली रचना, रंग त्या गिऱ्हाईकाच्या पसंतीचे, बदलायचे पैसे लागतात.

टूलरूमवाला

आणि वर डिलिव्हरी थांबली की खालच्यांना फोन येतो, "पुढच्या महिन्याचं शेड्यूल जरा पुढे ढकला." आम्ही बार आधीच विकत घेतलेला असतो, कारण ऑर्डर दिल्यापासून तो हातात यायला वर्ष लागतं. मग तो माल आमच्या रॅकवर झोपतो आणि बँकेचं व्याज जागं.

उलटतपासणींना उत्तर देतो. तुम्ही म्हणता ती सूट खरी आहे, पण ती कुणाला ते बघा. करारातल्या देशातून तयार विमान आलं, विमानाचा भाग म्हणून आलं, तर सूट. तोच धातू (स्टील, अॅल्युमिनियम) प्लेट किंवा बार म्हणून आला तर तो स्टील-अॅल्युमिनियमच्या रांगेत उभा राहतो, आणि अमेरिकेत त्या रांगेचा दर २०१८ मधे स्टीलला २५ आणि अॅल्युमिनियमला १० होता, तो २०२५ च्या मार्चमधे दोघांना २५ झाला आणि जूनमधे ५०. म्हणजे बाहेर बनवून आणलेला भाग मोकळा आणि घरात भाग बनवण्यासाठी आणलेला धातू कराखाली. ज्या देशाने आपले कारखाने वाचवायला कर लावला त्याच देशातल्या छोट्या मशिनशॉपचं कंबरडं मोडायची ही रीत. आपलेच दात आपलेच ओठ. स्थानिक मिलचा धातू घ्या म्हणाल तर त्यांनीही भाव वाढवलेले असतात, बाहेरचा महाग झाल्यावर ते स्वस्तात का विकतील?

आणि ग्रिपेनचं म्हणालात. त्याच्यात इंजिन कुठलं आहे? जीईचं एफ४१४, अमेरिकन. म्हणजे अमेरिकेवर रागावून ग्रिपेन घेतलं तरी ते तिसऱ्या देशाला विकायला अमेरिकेचा परवाना लागतोच. रागावून जायचं कुठे हाच प्रश्न आहे या धंद्यात.

उलटतपासणी

इंजिनाचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला. छोट्या शॉपचंही मान्य. पण मग शेअर बाजाराच्या दृष्टीने मेव्हणा बरोबरच राहतो की, कारण मशिनशॉप लिस्टेड नसतात. तो ज्या कंपन्यांचे शेअर घेतो त्या तर भार खाली ढकलून मोकळ्या.

टूलरूमवाला

काही दिवस मोकळ्या. मग एखादं शॉप बंद पडतं. त्याच्याकडचा पार्ट दुसरीकडे न्यायचा तर वर सांगितलेली ती सगळी मंजुरीची वरात परत काढायची, आणि तोवर वीस कोटी डॉलरचं यंत्र एका ब्रॅकेटसाठी अडून. कोविडनंतर हेच झालं, कास्टिंग-फोर्जिंगवाले माणसं काढून बसले होते, मागणी आल्यावर परत यायला कोणी तयार नव्हतं, आणि मोठमोठ्या इंजिन कंपन्या भागांसाठी हात पसरून उभ्या. २०२५ च्या एप्रिलमधे हाऊमेट या मोठ्या कास्टिंग कंपनीने तर गिऱ्हाईकांना फोर्स मेज्योरची (आवाक्याबाहेरच्या कारणाने करार पाळता येत नाही अशी) नोटीस दिली होती की टॅरिफ लागलेला माल आम्ही कदाचित पाठवणार नाही. म्हणजे खालच्याने पहिल्यांदा वरच्याला सांगितलं, तुझं तू बघ. पण ते हाऊमेटला परवडतं, तिच्यासारखी ब्लेडं बनवणारे जगात मोजके. आम्ही असं पत्र पाठवलं तर दुसऱ्या दिवशी आमचा बोर्ड उतरवतील.

शंकेखोर

धागा मेव्हण्याला पाठवला. त्याचं उत्तर जसंच्या तसं: "सगळं ठीक आहे पण ऑर्डर बुक बघ, रेकॉर्डवर आहे, मी होल्ड करणार." आता यावर काय बोलू?

जुनी_फाईल

बोईंगचं केसी-४६ टँकर, म्हणजे हवेत दुसऱ्या विमानांत इंधन भरणारं विमान, बघायला सांगा. २०११ चा करार, ठरीव किंमत. ऑर्डर बुक भरलेलंच होतं. आतापर्यंत ७०० कोटी डॉलरच्या वर तोटा दाखवून झालाय, आणि त्यात टॅरिफचा काही संबंधही नव्हता.

टूलरूमवाला

आणि त्याला म्हणावं वार्षिक अहवालात ऑर्डर बुकच्या आकड्याखाली ठरीव किमतीचे करार किती टक्के ते शोध, असतं लिहिलेलं, बारीक अक्षरात. सापडलं की इथे टाका, मलाही बघायचंय.